कामाच्या दिवसाचे एआय-साहाय्यित नियोजन

दिवसभरातील कामे, त्यांच्या मुदती आणि लागणारा वेळ एआय सहायकाला सांगून त्याच्याकडून कामांचा क्रम व वेळापत्रक आखून घेण्याची पद्धत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. पुढे जेमिनी, कोपायलट, क्लॉड असे इतर सहायक आले आणि पत्रे व अहवाल लिहून घेण्यापाठोपाठ ‘आज आधी काय करू?’ हा प्रश्नही त्यांना विचारला जाऊ लागला. या नोंदीतील उदाहरणे नागपूरची आहेत. तिथे डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते आणि मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. कागदावर निर्दोष दिसणारे वेळापत्रक प्रत्यक्षात कुठे अडते, हे अशा गावात चटकन कळते.

पूर्वपीठिका. तातडीचे आणि महत्त्वाचे यांत भेद करण्याची कल्पना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाते. १९५४ च्या एका भाषणात त्यांनी ती मांडली. मात्र हे विचार एका माजी महाविद्यालय-प्रमुखांचे असल्याचे त्यांनी तिथेच सांगितले होते. कामे तातडीची आहेत की नाहीत आणि महत्त्वाची आहेत की नाहीत, यावरून चार चौकटींत विभागणारा तक्ता स्टीव्हन कोव्ही यांनी १९८९ मध्ये लोकप्रिय केला. सहायकाला हा तक्ता चांगला ठाऊक असतो आणि मागितला की क्षणात भरून मिळतो. पण कोणते काम कोणत्या चौकटीत बसते, हे नुसत्या यादीवरून ओळखता येत नाही. त्यासाठी ते काम आज झाले नाही तर काय बिघडेल, हे सांगावे लागते.

प्रत्यक्ष वापर. सीताबर्डीवरील एका कर सल्लागाराची १० डिसेंबरची यादी कल्पावी: दोन पक्षकारांची जीएसटीआर-१ (जीएसटीखालील विक्रीची) विवरणपत्रे, एका व्यापाऱ्याच्या आगाऊ कराचा हिशेब, प्राप्तिकर खात्याच्या नोटिशीला उत्तर आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात कागद देणे. एवढेच सांगितले तर सहायक तारखांप्रमाणे क्रम लावतो. जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची आणि आगाऊ कराच्या तिसऱ्या हप्त्याची १५ डिसेंबरची, म्हणून विवरणपत्रे आधी आणि हिशेब नंतर. तारखांपुरते हे बरोबर आहे.

आता त्याच यादीत आणखी तीन गोष्टी घालाव्यात. एका पक्षकाराचा माल घेणारा खरेदीदार मोठा आहे. विवरणपत्र ११ नंतर गेले तर १४ तारखेला तयार होणाऱ्या त्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीवरील कराच्या तक्त्यात) ते बिल दिसणार नाही, त्याचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) महिनाभर लांबेल आणि पक्षकाराचे पैसे अडतील. दुसऱ्या पक्षकाराचा त्या महिन्यात व्यवहारच नाही. आणि आगाऊ कराचा हिशेब इतवारीतल्या व्यापाऱ्याकडून आकडे आल्याशिवाय सुरूच होत नाही; तो सकाळी विचारले तर संध्याकाळपर्यंत आकडे पाठवतो. आता क्रम वेगळा लागतो. सकाळी दहाला इतवारीत फोन, मग पहिल्या पक्षकाराचे विवरणपत्र, आणि शून्य व्यवहाराचे विवरणपत्र जेवणानंतरच्या सुस्त अर्ध्या तासात. तो फोन दोन मिनिटांचा असल्याने मूळ यादीत आलाच नव्हता. दुसऱ्याच्या हातातले काम सुरू करून देणारी अशी किरकोळ कामे आधी उरकणे, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा म्हणावा लागेल. सहायकाला ‘यातले कोणते काम कोणावर अवलंबून आहे, हे मला आधी विचार’ असे सांगितले की तो प्रश्न विचारू लागतो. त्या प्रश्नांची उत्तरे देतानाच अर्धे नियोजन होऊन जाते.

राहिले सिव्हिल लाइन्स. अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे येतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटसारख्या ठिकाणी अडवले जातात आणि आसपासची वाहतूक वळवली जाते. हे सांगितल्याशिवाय सहायक तिथली फेरी बेधडक दुपारी दोनला ठेवतो.

शासकीय कार्यालयात गोष्ट आणखी वेगळी. अधिवेशनकाळात तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) वा लक्षवेधी सूचनेसाठी माहिती मागवली गेली की टेबलावरच्या बाकी फायली बाजूला पडतात आणि सकाळी आखलेला दिवस दुपारीच निकालात निघतो. अशा वेळी नवे वेळापत्रक मागण्यापेक्षा ‘आज कोणती कामे सोडून देता येतील आणि कोणाला तसे कळवावे लागेल’ हे विचारणे अधिक उपयोगाचे. उन्हाळ्यात बांधकामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्याने मात्र एकच सूचना कायमची देऊन ठेवावी: साइटवरचे सगळे सकाळी दहाच्या आत, कागदपत्रे दुपारी.

वेळेचा अंदाज. कामाला किती वेळ लागेल हे माणूस बहुधा कमीच सांगतो. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला नियोजन-भ्रम असे नाव दिले. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत होईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. सहायक हा भ्रम आपणहून दुरुस्त करत नाही. तासाभराचे म्हणून सांगितलेले काम तो तासाभरातच बसवतो, वर कामांमध्ये श्वास घ्यायलाही फट ठेवत नाही. मागच्या आठवड्यात कोणत्या कामाला खरोखर किती वेळ लागला याची नोंद त्याला दिली, तर मात्र आखणी बरीच सुधारते.

मर्यादा. भाषा-प्रारूपाला, म्हणजे सहायकामागच्या संगणकीय प्रणालीला, स्वतःचे घड्याळ नसते. आजची तारीख त्याला ॲप पुरवते. ती पुरवली नसेल तर तो वार चुकवू शकतो. कॅलेंडर जोडलेले नसेल तर आधीच ठरलेल्या भेटी त्याला माहीत नसतात. करांच्या मुदतीही तो कधी चुकीच्या आणि तितक्याच ठामपणे सांगतो, म्हणून त्या अधिकृत पोर्टलवर पाहून त्याला द्याव्यात. दुसरा दोष गोड आहे. कंटाळवाणे काम उद्यावर टाकायचा हट्ट धरला की तो हो ला हो करतो, आणि वर ते कसे शहाणपणाचे आहे हेही समजावतो. क्रम लावायला सांगतानाच ‘मी बदल मागितला तर आधी कारण विचार’ अशी अट घातल्यास याला थोडा आळा बसतो, पुरता नाही.

गोपनीयता. पक्षकाराचे नाव, पॅन, आधार क्रमांक किंवा नोटिशीचा मजकूर यादीत घालण्याची काहीच गरज नसते. ‘पक्षकार क’ एवढे पुरते. व्यक्तिगत डिजिटल विदेच्या (माहितीच्या) संरक्षणासाठी भारतात २०२३ चा कायदा आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर व उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधने वापरू नयेत असे कळवले. खासगी कार्यालयांत प्रत्येकाचे नियम निराळे असतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते लेखी नसतातच. तिथे सहायकाला यादी देण्यापूर्वी साहेबांना विचारणे बरे.