स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, कमोडोर ६४ : स्वस्त रंगाच्या चढाओढीची पार्श्वभूमी

१९८२ च्या एप्रिलमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर झाला, तोवर ब्रिटनमध्ये घरगुती संगणकांची चुरस चांगलीच पेटली होती. तिच्या मुळाशी केंब्रिजमधल्या दोन जुन्या सहकाऱ्यांचं वाजलेलं होतं. ख्रिस करी बरीच वर्षं क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्याकडे कामाला होते. १९७८ मध्ये त्यांनी हर्मन हाउझर यांच्या साथीने वेगळी कंपनी काढली. तीच पुढची एकॉर्न.

सिंक्लेअर यांचा सगळा भर किमतीवर. १९८१ मधला त्यांचा झेडएक्स८१ तयार स्थितीत ६९.९५ पौंडांना मिळे. चित्र काळंपांढरं, आवाज नाही, मेमरी अवघी १ केबी (सुमारे हजार अक्षरांपुरती), तरी तो हातोहात खपला. त्याच वर्षी बीबीसीला संगणक शिकवणाऱ्या मालिकेसाठी स्वतःच्या नावाचा संगणक हवा होता. सिंक्लेअरही त्या कामाच्या मागे होते, पण ते मिळालं एकॉर्नला. तिथल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आठवड्याभरात चालू नमुना उभा केला. तोच पुढचा बीबीसी मायक्रो. यंत्र दणकट होतं, जोडण्या भरपूर होत्या आणि शाळांच्या खरेदीत निम्मा खर्च सरकार उचलत होतं. त्यामुळे शाळा एकॉर्नकडे गेल्या. घरासाठी घ्यायचं म्हटलं, तर त्याच्या ३२ केबीच्या मॉडेल बीला लवकरच ३९९ पौंड मोजावे लागू लागले. स्पेक्ट्रमची सुरुवातीची किंमत १६ केबीला १२५ आणि ४८ केबीला १७५ पौंड होती.

एवढ्या पैशांत रंग कसा बसवला, हे नीट पाहण्यासारखं आहे. त्या काळी रंग म्हणजे मेमरी, आणि मेमरी महाग. स्पेक्ट्रमचं चित्र २५६ × १९२ ठिपक्यांचं. प्रत्येक ठिपक्याला सोळांतला हवा तो रंग द्यायचा, तर नुसत्या चित्रालाच २४ केबी लागले असते. स्वस्त मॉडेलची सगळी मेमरी मिळून १६ केबी! म्हणून ठिपका पेटलेला की विझलेला एवढीच नोंद ६,१४४ बाइटांत ठेवली (एक बाइट म्हणजे आठ बिट, आणि बिट म्हणजे हो की नाही एवढी एक नोंद), आणि रंग ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटीला मिळून एकदाच दिला. अशा चौकटी ७६८, दर चौकटीला एक बाइट. त्यातले तीन बिट पेटलेल्या ठिपक्यांच्या रंगासाठी, तीन विझलेल्यांच्या, एक उजळपणासाठी, एक लुकलुकण्यासाठी. अख्खं रंगीत चित्र ६,९१२ बाइटांत मावलं. हार्डवेअरची ही आखणी रिचर्ड ऑल्टवासर यांची. इतकी विचारपूर्वक केलेली काटकसर त्या दशकात मला दुसरी दिसत नाही.

अडचण अर्थातच होती. एका चौकटीत दोनच रंग. पिवळा नायक हिरव्या झाडापाशी आला की झाडाचा तुकडा पिवळा व्हायचा, नाहीतर नायक हिरवा. प्रोग्रामर मंडळींनी यातूनही वाट काढली. १९८४ च्या नाइट लोअर या खेळात खोली आणि पात्रं एकाच रंगात ठेवून सगळा जोर खोलीचा त्रिमितीय भास उभा करण्यावर दिला, आणि त्या धर्तीच्या खेळांची रीघ लागली.

बीबीसी मायक्रोवर ही कटकट नव्हती. त्याच्या सर्वांत रंगीत मोडमध्ये ठिपक्यागणिक रंग निवडता येई. पण ठिपके १६० × २५६ एवढेच, आणि चित्राला लागायचे २० केबी. उरलेल्या १२ केबीत प्रोग्राम लिहिणाऱ्याची तारांबळ उडे.

कमोडोर ६४ अमेरिकेतून आला, १९८२ च्याच ऑगस्टमध्ये. जॅक ट्रॅमिएल यांच्या कमोडोरने चिप बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी आधीच विकत घेतली होती, त्यामुळे चित्राची चिप घरच्या घरी, स्वस्तात तयार व्हायची. तिच्यात सोळा रंग आणि आठ स्प्राइट होते. स्प्राइट ही मागच्या चित्राला हात न लावता त्यावरून फिरणारी आकृती असल्याने नायक झाडाचा रंग बिघडवत नसे. किंमत ५९५ डॉलरवरून वर्षभरात २०० डॉलरच्या आसपास आणून ट्रॅमिएल यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला १९८३ अखेर या बाजारातून बाहेर काढलं. जगभरात कमोडोर ६४ एक कोटीच्या वर विकला गेला. स्पेक्ट्रमची सगळी मॉडेलं मिळून ५० लाखांच्या पुढे गेली, तरी ब्रिटनच्या घरांत वरचष्मा त्याचाच राहिला. चित्र आणि आवाज या दोन्हींत कमोडोर सरस होता, हे मान्यच करायला हवं. पण तिथल्या आईबापांना परवडला तो स्पेक्ट्रम.

१९८४ च्या डिसेंबरात एकॉर्नने जाहिरात देऊन सिंक्लेअरच्या यंत्रांच्या बिघाडांवर बोट ठेवलं. संतापलेल्या सिंक्लेअर यांनी केंब्रिजच्या बॅरन ऑफ बीफ या पबमध्ये करींना गाठून वर्तमानपत्राच्या गुंडाळीने बडवलं. तोवर दोघांच्याही पायाखालची वाळू सरकू लागली होती. १९८५ मध्ये एकॉर्न ऑलिव्हेटीच्या ताब्यात गेली. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना घेतला.

दोन्ही यंत्रं भारतातही पोचली. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक शिकवण्याच्या प्रकल्पातून देशातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. स्पेक्ट्रम प्लसची परवाना घेतलेली आवृत्ती पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणली. शाळेत एकॉर्न आणि घरी सिंक्लेअर ही ब्रिटनमधली वाटणी आपल्याकडेही तशीच उतरली.