गंजाची पकड

पावसाळा सरल्यावर वेताळ टेकडी चढून यायचं आणि घरी पायमोज्यांतली कुसळं उपटत बसायचं, हा आमचा दरवर्षीचा उद्योग. दवाने मोजा भिजतो, कारण पाणी धाग्यांच्या आत मुरतं; ते शोषण. कुसळ मुरत नाही, वरवर अडकून बसतं, ते अधिशोषण. पाण्यातलं आर्सेनिक हे विष काढायची एक स्वस्त पद्धत या कुसळांसारखीच चालते. तिथला मोजा म्हणजे चक्क गंज.

आपल्या पायाखाली बेसाल्टचा कातळ. आर्सेनिकचा मोठा प्रश्न आहे तो गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळात: उत्तर प्रदेशातलं बलिया, बिहार, पश्चिम बंगाल, बांगलादेश. हिमालयातून वाहत आलेल्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच, पातळ लेप असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. खाली गाळात हवा पोचत नाही. तिथले जीवाणू कुजका पालापाचोळा पचवताना ऑक्सिजनऐवजी हा गंज वापरतात. गंज विरघळतो, आर्सेनिक सुटतं आणि हातपंपातून वर येतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत अवघे १० मिलिग्रॅम. पाणी उकळूनही उपयोग नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

ज्या गंजाने सोडलं, त्यालाच पुन्हा पकडायला लावायचं. आर्सेनिकची दोन रूपं: संयुजा पाच असलेलं पंचसंयुजी आणि तीन असलेलं त्रिसंयुजी. हवेशीर पाण्यातलं पंचसंयुजी आर्सेनिक ऋणभारित असतं. गंजाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. आर्सेनिक त्यांना हुसकावून थेट लोहाशी बंध जोडतं, त्यामुळे नुसत्या पाण्याने धुऊन ते निघत नाही. त्रिसंयुजी आर्सेनिक जास्त विषारी आणि जास्त लबाड: साध्या पाण्यात त्याच्यावर भारच नसतो, म्हणून ते सहसा तितकं नीट अडकत नाही. त्याला आधी पंचसंयुजी करावं लागतं. हे काम मँगनीज डायऑक्साइड करतो. टॉर्चच्या सेलमधल्या काळ्या भुकटीत असतो तोच.

जागा भरपूर हवी, म्हणून कण बारीक हवेत. ताज्या, बारीक लोह-हायड्रॉक्साइडच्या (हाही गंजाचाच प्रकार) एका ग्रॅमला दोनशे चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असू शकतो. एवढा फ्लॅट पुण्यात कोणाला परवडतो? तरी पाण्यातल्या फॉस्फेट या क्षाराची अडचण राहतेच. त्याची ठेवण आर्सेनिकसारखीच, त्यामुळे एसटीत रुमाल टाकावा तसा तो आधीच जागा धरून बसतो. म्हणून प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यात अव्वल ठरलेली भुकटी गावच्या हातपंपावर लवकर थकते. नव्या पदार्थांच्या बातम्या वाचताना मी आधी पाहतो, चाचणी कुठल्या पाण्यावर केली.

महागडं साहित्यच हवं असं नाही. लोखंडाचं खास मिश्रण वापरणाऱ्या घरगुती गाळणीसाठी बांगलादेशी वंशाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांना २००७ साली दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. आयआयटी खरगपूरमध्ये जांभ्यावर आम्ल-अल्कलीची प्रक्रिया करून गाळणी बनवली गेली. जांभा म्हणजे कोकणातल्या घरांचा तोच तांबडा चिरा. त्याचा रंगच लोहाच्या ऑक्साइडचा.

गाळणी भरली की कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरता येते, पण मग ते धुवण विषारी होतं. भरलेला गंज कुठे टाकायचा, हा प्रश्न त्याहून अवघड. तो गावच्या तळ्यात टाकला, तर तळच्या चिखलात हवा नसते. तिथे जीवाणू असतात, कुजका पाला असतो, आणि आता आर्सेनिकने भरलेला गंजही.