पांगोंगचा काठ : ताबा, वहिवाट आणि पर्यटकाचा परवाना

लेहहून कारू, सक्ती, चांग ला आणि तांगत्से असा दीडशे किलोमीटरहून थोडा अधिक प्रवास करून पांगोंग त्सोच्या काठावर उतरलेल्या माणसाला आधी दिसतो तो पाण्याचा रंग. त्यानंतर लक्ष जाते समोरच्या उत्तर काठाकडे, जिथे उघड्या, तांबूस डोंगरांच्या सोंडा एकामागून एक पाण्यात उतरलेल्या आहेत. स्पांगमिकवरून मान आणि मेराक या गावांकडे जाऊ लागले की या सोंडा अधिक स्पष्ट होत जातात. सह्याद्रीत हिंडणारा मराठी माणूस त्यांना सोंडाच म्हणेल. वर्तमानपत्रांनी मात्र २०२० च्या उन्हाळ्यात त्यांना ‘फिंगर’ म्हटले, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक ते आठ असे सैन्याचे क्रमांक वापरले, आणि तोपर्यंत केवळ छायाचित्रांतून ओळखीचे असलेले हे सरोवर अचानक युद्धाच्या बातम्यांत आले. परंतु येथील भारत-चीन तंटा २०२० चा नाही, १९६२ चाही नाही. पर्यटकाला कुठपर्यंत जाता येते, कुठे थांबावे लागते, कोणत्या वर्षी कोणता कागद दाखवावा लागला, या साध्या प्रश्नांची उत्तरेही त्या जुन्या तंट्यातच सापडतात.

सरोवराची लांबी सुमारे १३४ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त पाच किलोमीटर आहे. समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर असलेले हे पाणी कोणत्याही नदीतून बाहेर पडत नाही, म्हणून ते मचूळ आहे, आणि मचूळ असूनही हिवाळ्यात गोठते. साधारण निम्मे सरोवर तिबेटात आहे, पश्चिमेचा भाग लडाखकडे आहे आणि मधल्या पट्ट्यावर दोन्ही देश हक्क सांगतात. काठावर शेती अगदी थोडी होते. लोकांचे जगणे आहे ते याक, मेंढ्या आणि चांगथांगी शेळ्या यांच्यावर. या शेळीच्या अंगावर थंडीत वाढणारी आतली मऊ लोकर म्हणजे पश्म. तिच्यामुळेच हा ओसाड वाटणारा प्रदेश राज्यकर्त्यांना हवासा वाटत आला.

जम्मूच्या डोग्रा सैन्याने १८३४ मध्ये लडाख घेतले आणि १८४१ मध्ये पश्चिम तिबेटवर स्वारी केली, तेव्हा त्यामागे पश्मेच्या व्यापारावर नियंत्रण मिळवण्याचा हेतूही होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात तकलाकोटजवळ डोग्रा सेनापती मारला गेला, तिबेटी फौज लेहपर्यंत आली, पुढच्या वर्षी पांगोंगच्या दक्षिणेकडील चुशूलजवळ तिचा पराभव झाला आणि सप्टेंबर १८४२ मध्ये तह झाला. हद्दी पूर्वापार चालत आल्या तशाच राहतील आणि लोकर, शाली व चहा यांचा व्यापार पूर्वीसारखा चालेल, असे त्यात ठरले. पूर्वापार हद्द म्हणजे नेमकी कोणती, हे दाखवणारा नकाशा कोणी काढला नाही, कारण त्या काळी त्याची गरज कोणालाच भासली नाही. कोणत्या गावाची जनावरे कोणत्या कुरणात चरतात आणि चराईचा कर कोणाला मिळतो, हे दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक होते. पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या हेतूंनी वेगवेगळ्या रेषा काढल्या. १८६५ ची एक आणि १८९९ च्या प्रस्तावातली दुसरी या त्यांतल्या अधिक चर्चिल्या गेलेल्या. त्यांतली एकही दोन्ही बाजूंनी मिळून जमिनीवर आखलेली नव्हती.

स्वतंत्र भारताच्या वाट्याला ही अर्धवट हद्द आली. १९५८ मध्ये सरोवराच्या उत्तर काठावरील खुर्नाक किल्ला चीनने ताब्यात घेतला. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी पांगोंगच्या उत्तरेला, हॉट स्प्रिंग्जजवळ गस्तीवर गेलेल्या भारतीय पोलिसांच्या तुकडीवर गोळीबार होऊन दहा जण मृत्युमुखी पडले. पोलीस स्मृतिदिन देशभर त्या तारखेला पाळला जातो तो यामुळेच. पुढे ज्या शब्दाने सगळा घोळ केला, तो शब्द याच्या पाठोपाठ आला.

७ नोव्हेंबर १९५९ रोजी चीनच्या तत्कालीन पंतप्रधानांनी भारताच्या पंतप्रधानांना पत्र लिहिले. पूर्वेकडे तथाकथित मॅकमहोन रेषेपासून आणि पश्चिमेकडे ‘प्रत्येक बाजू जिथपर्यंत प्रत्यक्ष नियंत्रण ठेवते त्या रेषेपासून’ दोन्ही सैन्यांनी वीस किलोमीटर मागे जावे, असा त्यात प्रस्ताव होता. ऐकताना तो समंजस वाटतो. परंतु ती रेषा कोठून जाते, हे पत्रात नव्हते, आणि भारताचे म्हणणे असे की ज्या जमिनीवर चीनने नुकताच पाय रोवला होता तीही त्यात चीनच्या बाजूला धरली जात होती. भारताने तो प्रस्ताव नाकारला. १९६२ च्या युद्धानंतर चीनने पुन्हा त्याच तारखेच्या रेषेचा आधार घेतला, तेव्हाही भारताने तो मान्य केला नाही.

आपल्याकडे ‘लाइन ऑफ ॲक्च्युअल कंट्रोल’ या शब्दाची दोन भाषांतरे रूढ आहेत. काही ठिकाणी ‘प्रत्यक्ष नियंत्रण रेषा’ छापले जाते, काही ठिकाणी ‘प्रत्यक्ष ताबारेषा’. पहिल्या भाषांतरामुळे वाचकाचा हमखास गोंधळ होतो, कारण पाकिस्तानबरोबरच्या ‘नियंत्रण रेषे’शी त्याचे साम्य आहे. ती नियंत्रण रेषा १९७२ च्या सिमला करारानंतर दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांनी नकाशांवर आखली आणि त्या नकाशांवर सह्या झाल्या. तिचे उल्लंघन झाले की नाही, हे नकाशा उघडून सांगता येते. चीनबरोबरच्या रेषेला असा सह्यांचा नकाशाच नाही. म्हणून मला दुसरे भाषांतर अधिक प्रामाणिक वाटते. ज्याच्या घरात जमिनीचा वाद झाला आहे, त्याला मालकी, ताबा आणि वहिवाट या तीन शब्दांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचे, कसणारा दुसरा आणि बांधावरून गुरे नेण्याचा हक्क तिसऱ्याचा, अशी स्थिती गावोगाव आढळते. पांगोंगच्या काठी मालकीचा दावा दोघांचा आहे, ताबा जागोजागी बदलत गेला आहे आणि वहिवाट मात्र पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांची आहे.

असे असूनही ७ सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या करारात भारताने हाच शब्द स्वीकारला. सीमाप्रश्न सुटेपर्यंत दोन्ही बाजू या रेषेचा काटेकोर आदर करतील आणि शब्दाच्या वापराने कोणाच्याही मूळ भूमिकेला बाधा येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. जी रेषा चौतीस वर्षे नाकारली तिचे नाव का घेतले, यावर आजही वाद आहे. समर्थक म्हणतात की १९५९ ची नव्हे, करार झाला त्या वेळची प्रत्यक्ष स्थिती भारताला अभिप्रेत होती, आणि या करारामुळे पंचवीसहून अधिक वर्षे सीमेवर गोळी चालली नाही. १९९६ च्या पूरक कराराने तर रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करण्यास मनाई केली. टीकाकार म्हणतात की कोणत्या तारखेची रेषा, हे न लिहिता नाव स्वीकारणे म्हणजे मोजणी न करता खरेदीखतावर सही करणे होय. पश्चिम क्षेत्रात २००२ च्या सुमारास एकमेकांना नकाशे दाखवण्याचा प्रयत्न झाला, पण अधिकृत देवाणघेवाण झालीच नाही. मला टीकाकारांचे म्हणणे अधिक पटते. शांतता टिकली हे खरे आहे, परंतु त्या शांततेच्या काळात जमिनीवरची स्थिती कोण बदलत होते, हे उत्तर काठावर डोळ्यांनी दिसत होते. १९९९ मध्ये भारतीय सैन्याचे लक्ष कारगिलकडे असताना चीनने या काठावर चौथ्या सोंडेच्या दिशेने रस्ता बांधला. त्यानंतर चिनी गस्त वाहनांतून येत राहिली, तर आठव्या सोंडेपर्यंत आपली रेषा मानणाऱ्या भारताची गस्त त्याच टापूत पायी जात राहिली.

१९६२ च्या लढायांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे दोनच जागांचा उल्लेख करतो. त्या दोन्ही आजच्या पर्यटकाच्या वाटेच्या अगदी जवळ आहेत. उत्तर काठावरील सिरिजाप चौकी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पडली. तिचे नेतृत्व करणारा गोरखा रेजिमेंटचा मेजर मृत समजला गेला आणि त्याला मरणोत्तर परमवीरचक्र जाहीर झाले. पुढे तो युद्धकैदी असल्याचे कळले आणि १९६३ मध्ये तो जिवंत परतला. सिरिजाप मात्र परत आले नाही. चुशूलच्या दक्षिणेला रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर रोजी कुमाऊँ रेजिमेंटच्या एका कंपनीतील सुमारे १२० जवानांपैकी शंभराहून अधिक जण लढता लढता पडले. हिवाळा सरत आला तेव्हा त्यांचे देह आपापल्या मोर्च्यांत, हातात शस्त्र असलेल्या अवस्थेत सापडले.

युद्धानंतर हा काठ सामान्य प्रवाशाला जवळजवळ बंद झाला. लडाख १९७४ मध्ये पर्यटनासाठी खुले झाले, पण पांगोंगपर्यंत परदेशी प्रवाशांना परवान्यावर येऊ देण्यास १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. भारतीय पर्यटकाला लागणाऱ्या कागदाला ‘इनर लाइन परमिट’ म्हणत. ही ‘इनर लाइन’ मुळात १८७३ च्या एका नियमातून, आसामकडील डोंगराळ टापूंसाठी निघालेली संकल्पना आहे. लडाखमध्ये तिचा अर्थ सीमेच्या अलीकडची, सैन्याच्या सोयीने ठरलेली एक हद्द एवढाच राहिला. ती पुढे-मागे सरकत असे. बराच काळ पर्यटकाची मजल स्पांगमिकपर्यंतच होती, मान आणि मेराकची दारे नंतर उघडली, चुशूलची त्याहून उशिरा. भारतीय नागरिकांसाठीचा हा परवाना २०२१ मध्ये रद्द झाला, पर्यावरण शुल्क तेवढे राहिले.

या दारांवर लोटलेली गर्दी २००९ च्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या ‘थ्री इडियट्स’ या हिंदी चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगामुळे वाढली, हे सर्वांना ठाऊक आहे. काठावर पिवळ्या स्कूटर आणि रंगीत खुर्च्या आल्या, तंबूंच्या रांगा लागल्या, सांडपाण्याचा प्रश्न उभा राहिला. तांगत्सेच्या अलीकडच्या दुर्बुकहून श्योकमार्गे दौलत बेग ओल्डीपर्यंत जाणारा २५५ किलोमीटरचा लष्करी रस्ता २०१९ मध्ये पूर्णत्वास आला. पुढील वर्षीच्या संघर्षामागे हा रस्ता हेही एक कारण असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

५ मे २०२० च्या रात्री उत्तर काठावर दोन्ही सैन्यांत हाणामारी झाली आणि चिनी सैन्याने चौथ्या सोंडेपर्यंत ठाण मांडले. १५ जूनला गलवानमध्ये वीस भारतीय जवान हुतात्मा झाले. ऑगस्टच्या अखेरीस भारतीय सैन्याने दक्षिणेकडील कैलास रांगेची शिखरे घेतली, त्यांत रेझांग लाही होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही बाजू मागे सरल्या. तिसऱ्या आणि आठव्या सोंडेमधला पट्टा कोणीही गस्त घालायची नाही असा ठरला, दक्षिणेकडील शिखरेही रिकामी होऊन तेथेही मोकळा पट्टा राहिला, आणि पर्यटकांच्या गाड्या पुन्हा धावू लागल्या.

या मोकळ्या पट्ट्यांची किंमत कोणी मोजली, याकडे पर्यटकांच्या बोलण्यात फारसे लक्ष जात नाही. चुशूलच्या परिसरातील जुनी हिवाळी कुरणे त्यात गेल्याची तक्रार स्थानिक लोकप्रतिनिधी सातत्याने करत आले आहेत. रेझांग लाच्या त्या कंपनीचा प्रमुख मेजर शैतानसिंग याचा देह जेथे सापडला, तेथील जुने स्मारकही या पट्ट्यात आल्याने काढावे लागले, असे त्यांनी २०२३ च्या अखेरीस सांगितले. पर्यटक आज पाहतात ते नूतनीकरण झालेले स्मारक वेगळ्या ठिकाणी आहे. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीस या भागातील मेंढपाळांना चिनी सैनिकांनी अडवले, तेव्हा हे लोक जागचे हलले नाहीत. ही आमची कुरणे आहेत, असे ते हातवारे करून सांगत असल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. हाती शस्त्र नसलेल्या त्या माणसांनी केले ते वहिवाट टिकवण्याचे काम होते. कुरणात जनावर गेले नाही, की पुढच्या चर्चेत ती जमीन आपली असल्याचा पुरावा एकाने कमी होतो.

२६ डिसेंबर २०२४ रोजी काठावर, १४,३०० फुटांवर, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. लष्कराने उभारलेला तीस फुटांहून उंच पुतळा त्या निळ्या पाण्यापाशी पाहताना मराठी माणसाचे मन भरून येणे स्वाभाविक आहे. मराठा रेजिमेंटच्या जवानांनी या सीमेवर काढलेले हिवाळे लक्षात घेतले तर अधिकच. त्याच वेळी चुशूलच्या लोकप्रतिनिधींनी विचारले, की हा पुतळा स्थानिकांना न विचारता का उभारला, आणि येथील पर्यावरणाशी, लोकांशी व वन्यजीवनाशी त्याचा संबंध काय. आपल्याकडे या प्रश्नाकडे महाराजांचा अवमान म्हणून पाहिले गेले, ते मला योग्य वाटत नाही. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, अशी ज्यांच्या राज्याची ख्याती, त्यांचे स्मारक उभारताना काठावरच्या रयतेला आधी विचारायला हवे होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्व लडाखमधील देपसांग आणि डेमचोक येथील गस्तीबाबत समझोता झाला. पांगोंगच्या काठावरील मोकळा पट्टा त्यात आला नाही. शेळ्यांची वीण होते फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा तापमान उणे तीस अंशांच्या आसपास जाते आणि बर्फ कमी साचणाऱ्या, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या कुरणांचीच गरज असते. त्या दिवसांत पर्यटक नसतात, सरोवर गोठलेले असते, आणि मेराक-चुशूलकडची कुटुंबे उरलेल्या कुरणांत करडांना घोंगड्यात गुंडाळून, दगडी वाड्यांच्या आत ठेवून जगवत असतात.