सूर्याची नळी: आदिबंधाच्या कल्पनेची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९५९ मध्ये बीबीसीच्या ‘फेस टू फेस’ कार्यक्रमात जॉन फ्रीमन यांनी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्ताव युंग यांची मुलाखत घेतली. युंग तेव्हा ८४ वर्षांचे होते. तुमच्या विचारांना कलाटणी देणारा एखादा रुग्ण आठवतो का, अशा अर्थाचा प्रश्न आला आणि युंगनी आयुष्यभर सांगितलेली गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. झुरिकच्या बुर्गहोल्त्सली मनोरुग्णालयातला एक रुग्ण खिडकीपाशी उभा राहून सूर्याकडे बघत मान हलवत होता. ‘डोळे किलकिले करून बघा,’ तो म्हणाला, ‘सूर्याला शिश्न दिसेल. मी मान हलवली की तेही हलतं. वारा तिथूनच येतो.’

पुढे युंगच्या हाती आल्ब्रेख्ट डिटरिश यांनी संपादित केलेला एक ग्रीक विधी पडला. मूळ मजकूर पॅरिसमधल्या एका जुन्या जादूटोण्याच्या पोथीतला. डिटरिश यांच्या मते तो मित्र या देवतेच्या पंथाचा. त्यात साधकाला सांगितले आहे की सूर्यबिंबापासून लोंबणारी एक नळी तुला दिसेल आणि ती वाऱ्याचे उगमस्थान आहे. झुरिकमधल्या साध्या कारकुनाला हे कुठून कळले? वाचून कळणे शक्य नव्हते, म्हणजे माणसाच्या मनातच अशा प्रतिमांचे काही साचे उपजत असले पाहिजेत, हा युंगचा निष्कर्ष. आदिमाता, छाया, वृद्ध ज्ञानी, दिव्य बालक हे जे आदिबंध आज मराठी समीक्षेतही सर्रास भेटतात, त्यांच्या मुळाशी ज्या मोजक्या पुराव्यांचा आधार दिला जातो त्यांत या रुग्णाचे नाव सर्वांत आधी येते.

गोष्ट सुंदर आहे. तारखा मात्र जुळत नाहीत. १९१२ च्या ग्रंथात युंगनी स्वतःच लिहिले होते की हा भ्रम त्यांचे तरुण सहकारी योहान होनेगर यांना आढळला. होनेगरनी मार्च १९११ मध्ये, पंचविशीतच, आत्महत्या केली. नंतरच्या कथनांत त्यांचे नाव गळाले. युंगनी स्वतः १९०६ मध्ये रुग्णाशी बोलल्याचे आले आणि डिटरिश यांचे पुस्तक त्यानंतर, १९१० मध्ये, निघाल्याचे आले. प्रत्यक्षात १९१० ची आवृत्ती दुसरी होती. पहिली १९०३ ची. रुग्ण त्याही आधीपासून रुग्णालयात होता, असा खुलासा मग संपादकांच्या टिपेतून करावा लागला. १९९४ मध्ये युंगचे टीकाकार रिचर्ड नॉल यांनी आणखी एक मुद्दा काढला: ही सूर्यनळी क्रॉयत्सर आणि बाखोफेन या पुराणकथांच्या अभ्यासकांच्या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ग्रंथांत आलेलीच होती, आणि मित्रपंथाविषयीचे लोकप्रिय थिऑसॉफिकल साहित्यही बाजारात होते. म्हणजे कारकुनाने काहीच वाचले नव्हते, हे गृहीतच आहे. नॉल यांचा युंगवरचा एकूण राग मला अतिरेकी वाटतो, पण या मुद्द्याला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

गंमत अशी की ‘विसरलेले वाचन’ या शंकेवर अधिकाराने बोलू शकणाऱ्यांत स्वतः युंग होते. १९०२ च्या प्रबंधात आणि पुन्हा १९०५ च्या एका लेखात त्यांनी नीत्शेची, चोरी म्हणता येणार नाही अशी, चोरी पकडली होती. ‘जरथुष्ट्रा’मध्ये ज्वालामुखीच्या बेटावर सशांच्या शिकारीला उतरलेले खलाशी आणि हवेतून जाणारा माणूस असा एक प्रसंग आहे. तो युस्टिनुस केर्नर यांच्या भुताखेतांच्या जुन्या संग्रहातून जवळजवळ शब्दशः उतरलेला आहे. युंगनी नीत्शेच्या बहिणीला पत्र लिहून विचारले. लहानपणी आजोळी आम्ही केर्नर वाचायचो, असे तिने कळवले. वाचलेले मन विसरते आणि पुढे कधीतरी ते स्वतःचे म्हणून वर येते, हे असे कागदोपत्री दाखवणारा माणूस सात वर्षांत अगदी उलट बाजूला गेला.

मधल्या काळात काय घडले? १९०७ मध्ये फ्रॉइडशी भेट, १९०९ मध्ये दोघांचा एकत्र अमेरिका दौरा, आणि परतल्यावर युंगचे पुराणकथांचे झपाटलेले वाचन. क्रॉयत्सरचे जाडजूड खंड त्यांनी तेव्हाच पालथे घातले. फ्रॉइडच्या गोटातही हाच वारा होता. ऑटो रांक यांनी १९०९ मध्ये वीरपुरुषांच्या जन्मकथांवर पुस्तक काढले. राजघराण्यातले मूल, पाण्यात सोडून देणे, दुसऱ्यांच्या घरी वाढणे, मग परत येणे, असा सांगाडा त्यांनी मोझेस, सार्गोन, ईडिपस, रोम्युलस यांच्या गोष्टींतून काढला. त्या यादीत आपला कर्णही आहे. कर्ण परततो तो राज्य घ्यायला नव्हे, आणि आई समोर येऊन उभी राहिली तरी तिच्या बाजूला जात नाही, ही अडचण त्या सांगाड्यात बसत नाही. पण सांगाडा काढणाऱ्याला अडचणींपेक्षा जुळणाऱ्या गोष्टी जास्त दिसतात.

युंगचा पहिला मोठा ग्रंथ १९११ ते १२ मध्ये दोन भागांत आला. त्याचा पाया म्हणजे मिस फ्रँक मिलर या अमेरिकन तरुणीने लिहिलेली काही दिवास्वप्ने. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ थिओदोर फ्लूर्नोय यांनी ती १९०६ च्या सुमारास छापली होती. युंग तिला कधी भेटले नाहीत. तिच्या लेखनाचा हेतू नेमका उलटा होता. अर्धवट झोपेत सुचलेल्या कवितेतली आणि एका आझ्टेक वीराच्या दृश्यातली कोणती ओळ मिल्टनची, कोणती लाँगफेलोच्या ‘हायावथा’ची, याचा माग तिने स्वतःच काढला होता. हे काही परलोकातून आलेले नाही, वाचनाचे अवशेष आहेत, असे तिला दाखवायचे होते. युंगनी तेच साहित्य घेऊन त्याखाली जगभरच्या सूर्यवीरांची आणि मातृदेवतांची शेकडो पाने रचली.

त्या पानांत ऋग्वेद आणि उपनिषदे वारंवार येतात. अरणींच्या मंथनातून अग्नी जन्मतो ही कल्पना युंगनी जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडाल्बेर्ट कून यांच्या १८५९ च्या ग्रंथातून घेतली. त्यात ‘प्रमंथ’, म्हणजे मंथनाची काठी, आणि देवांकडून अग्नी चोरणारा ग्रीक प्रोमीथिअस यांचे नाते जोडले होते. भाषाशास्त्रज्ञांनी ते पुढे फारसे मानले नाही. उपनिषदे आली पाउल डॉयसन या जर्मन पंडिताच्या अनुवादांतून. आपल्याकडे युंगचे कौतुक करताना ‘पाश्चात्त्यालाही आपले पटले’ असा सूर लागतो. त्यांच्या टेबलावर होता तो जर्मन पंडितांनी निवडलेला, त्यांच्या सिद्धांतांतून गाळून आलेला भारत.

सर्व मानवजातीच्या मूलभूत कल्पना एकच असतात, हे बर्लिनचे मानववंशशास्त्रज्ञ आडोल्फ बास्टिआन यांनी युंगच्या कितीतरी आधी मांडले होते. युंग आधी नुसते ‘आद्य प्रतिमा’ म्हणत. तो शब्द त्यांनी बासेलचे इतिहासकार याकोब बुर्कहार्ट यांच्याकडून उचलला. सामूहिक नेणीव, म्हणजे सर्व माणसांत समान असलेला मनाचा अजाण थर, ही कल्पना १९१६ मध्ये आली, ‘आर्किटाइप’, म्हणजेच आदिबंध, हा शब्द १९१९ मध्ये. तोवर फ्रॉइडशी फारकत होऊन सहा वर्षे झाली होती. पूर्वजांचे अनुभव वारशाने उतरतात, असे फ्रॉइडही मानत होते. त्यांच्या लेखी पुराणकथा म्हणजे दडपलेल्या इच्छेने घेतलेले सोंग. युंगना ते सोंग वाटत नव्हते, तीच मनाची मूळ बोली वाटत होती. १९१२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात कृष्णवर्णीय रुग्णांची स्वप्ने ऐकताना त्यांना चाकावर बांधलेल्या माणसाची, म्हणजे ग्रीकांच्या इक्सिऑनची, प्रतिमा सापडली. आदिबंध वांशिक नसून मानवी आहेत, यासाठी ते या स्वप्नाचा दाखला देत.

पुढे आक्षेप वाढले तेव्हा त्यांनी भूमिका आवरती घेतली. उपजत असतो तो रिकामा आकार. स्फटिक बनण्याआधी द्रावणात त्याच्या अक्षांची रचना दडलेली असावी तसा. प्रत्यक्ष प्रतिमा संस्कृती पुरवते. हे जास्त पटण्यासारखे आहे, पण असे म्हटल्यावर सूर्याच्या नळीचा पुरावा म्हणून उपयोग उरत नाही. नळी हा आकार नाही, फार नेमका तपशील आहे.

१९३० च्या दशकापासून कल्पनेला व्यासपीठे मिळाली. १९३२ मध्ये झुरिकच्या मानसशास्त्र मंडळात कुंडलिनी योगावर व्याख्याने झाली. व्याख्याते होते संस्कृतज्ञ याकोब विल्हेल्म हाउअर. वर्षभरातच हाउअर जर्मनीत नाझींना अनुकूल अशा ‘जर्मन श्रद्धा चळवळी’चे नेते झाले. १९३६ मध्ये युंगनी नाझी उन्मादाचा अर्थ वोटान या जर्मानिक देवाच्या जागृतीने लावला. एका देशाच्या राजकारणाची जबाबदारी देवावर टाकणारा तो निबंध मला त्यांच्या लेखनातला सर्वांत घसरलेला वाटतो. १९३३ पासून स्वित्झर्लंडमधल्या आस्कोना येथे भरणाऱ्या एरानोस परिषदांत हाइनरिश त्सिमर यांच्यासारखे भारतविद्येचे अभ्यासक बोलत. त्सिमर १९४३ मध्ये अमेरिकेत वारले; त्यांची अपुरी हस्तलिखिते संपादित केली जोसेफ कॅम्बेल यांनी. कॅम्बेलचा १९४९ चा ‘हजार चेहऱ्यांचा नायक’ आणि त्यावरून हॉलिवूडने उचललेला ‘वीराचा प्रवास’ सर्वांना ठाऊक आहे.

युंग स्वतः डिसेंबर १९३७ मध्ये मुंबई बंदरात उतरले. कोलकात्यात भरणाऱ्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाचे त्यांना निमंत्रण होते. सांचीने ते भारावले, कोणार्क पाहिले, तीन विद्यापीठांच्या मानद पदव्या घेतल्या आणि आमांशाने आजारी पडून कोलकात्यात रुग्णालयातही राहिले. साधुसंतांना भेटण्याचे त्यांनी ठरवून टाळले. रमण महर्षींनाही भेटले नाहीत. प्रवासात वाचायला युरोपीय किमयेचा लॅटिन ग्रंथ बरोबर होता, आणि भारतात लक्षात राहण्यासारखे स्वप्न पडले ते ख्रिस्ती दंतकथेतल्या पवित्र पात्राचे.

कोलकात्यात मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली होती. माझ्या भारतीय रुग्णांत लिंगच्छेदाचे भय युरोपीय रुग्णांइतके ठळक दिसत नाही, असे ते फ्रॉइडना कळवत होते. फ्रॉइडनी उत्तरे दिली, मत बदलले नाही.

मराठीशी या इतिहासाचा खरा धागा इरावती कर्वे यांच्यापाशी आहे. १९५० मध्ये ‘मॅन’ या ब्रिटिश मानववंशशास्त्रीय नियतकालिकात त्यांनी नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ग्रीक ईडिपसच्या कथेचे एक मराठी रूप छापले. टिपण छोटे आहे, पानादोनपानांचे. त्यात भविष्य कुणा मंदिरातून येत नाही, ते सटवाईच्या हातचे कपाळावरचे लिखित आहे. आणि ते मुलाच्या नव्हे, बाईच्या कपाळी आहे: तुझे लग्न तुझ्याच मुलाशी होईल. शेवटी उलगडा होतो तेव्हा कुणी डोळे फोडून घेत नाही. लिहिलेले होते ते झाले, असे मानून ती संसार करते. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी आपल्या ‘भारतीय ईडिपस’वरच्या निबंधात कन्नड रूपाबरोबर या मराठी रूपाचीही दखल घेतली. इथल्या कथांत मुलगा बापाला मारत नाही, बापच मुलाकडून आयुष्य मागून घेतो, असे दाखवताना ते ययाती आणि पूरू, शंतनू आणि भीष्म यांच्याकडे बोट दाखवतात. कथेतली नाती तीच राहतात, ओढीची दिशा बदलते.

ही सटवाईची गोष्ट ग्रीसहून फिरत फिरत आली, की इथेच उगवली? नीत्शेच्या बाबतीत विचारायला त्याची बहीण होती. तोंडी चालत आलेल्या गोष्टीची अशी साक्ष कुणाकडे मागायची हे ना युंगनी सांगितले आहे, ना नॉल यांनी.