आरओ की यूव्ही? आधी टीडीएस मोजा

मे महिन्यात आमच्या सोसायटीत पाणी दिवसाआड येतं. त्याच दिवसांत कितीतरी घरांत सिंकमध्ये सोडलेल्या बारीक नळीतून पाणी वाहत असतं. विचारलं तर उत्तर येतं, "फिल्टरचं आहे ते." आरओ आणि यूव्ही, दोन्हींना आपण सरसकट फिल्टर म्हणतो. भिंतीवर दिसतातही सारखेच. पण ती नळी आरओलाच असते, आणि उन्हाळ्यात हा फरक बादल्यांनी मोजावा लागतो.

यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, साधारण ११ वॅटचा. पाणी त्याच्याजवळून जाताना जंतू निकामी होतात. विरघळलेले क्षार तसेच राहतात, आणि पाणी अजिबात वाया जात नाही. मात्र पाणी गढूळ असेल तर कणांच्या आड जंतू वाचतात, म्हणून आधी गाळणी हवीच. लाईट गेली की कामही थांबतं. भारनियमन असेल तिथे एक कळशी आधीच भरून झाकून ठेवावी.

आरओमध्ये पंप पाण्याला अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून दाबाने ढकलतो. क्षार अलीकडेच अडतात आणि त्यांना वाहून न्यायला पाणी सोडावं लागतं. साध्या घरगुती यंत्रात १ लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे ३ लिटर बाहेर जातं. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटर धरा: ६० लिटर बाहेर, महिन्याला १,८०० लिटर. पंपाला वीज फारशी लागत नाही, महिन्याला दोन-तीन युनिट. खरा खर्च पाण्याचा आहे.

आता मला सगळ्यात जास्त खटकतं ते सांगतो. पुण्याला खडकवासल्याचं किंवा मुंबईला भातसा-तानसाचं पाणी येतं, ते मुळात कमी क्षारांचं. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, ९० भरला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला मानतात. हे पाणी आरओत घातलं, तर फेकल्या जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस जेमतेम १२० होतो. म्हणजे क्षारांच्या दृष्टीने पिण्याजोगं पाणी आपण मोरीत सोडतो! राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या ठिकाणी आरओवर बंदी घालायला केंद्राला सांगितलं, ते याच कारणाने.

तरीही आरओ खपतो, कारण विक्रेता दोन ग्लासांत विजेच्या सळया बुडवून दाखवतो. नळाचं पाणी तपकिरी होतं, आरओचं स्वच्छ राहतं. तो गाळ त्या लोखंडी सळयांचाच गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून सळई झिजते. जंतूंशी त्याचा काही संबंध नाही.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात मात्र आरओला पर्याय शोधणं अवघड. तिथलं भूजल खारं, आणि उकळून क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत फ्लोराइड आहे. ते टीडीएस मीटरवर वेगळं कळत नाही, पाणी प्रयोगशाळेतच तपासावं लागतं.

शहरात अडचण टँकरची. बोअरचं पाणी टाकीत पडलं की आमचा तोच नळ ६४० दाखवतो. म्हणून छोटा मीटर घरात ठेवावा आणि टँकर आल्यावर पुन्हा मोजावं. वर्षभर धरणाचं पाणी येत असेल तर यूव्ही घ्या. उन्हाळाभर बोअरवरच दिवस काढायचे असतील तर आरओ लावा, पण ती नळी सिंकमध्ये सोडू नका.

तिच्याखाली बादली ठेवा. ते पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला, कपड्यांच्या पहिल्या धुण्याला उत्तम चालतं. कुंड्यांना मात्र बोअरचं ते पाणी रोज घालू नये. ६४० चं पाणी नळीतून बाहेर येईपर्यंत ८५० च्या आसपास जातं, आणि मातीवर पांढरा थर धरतो.