आजोबा युद्धकैदी होते: लष्करी सेवेची आणि कैदेची नोंद कशी मिळवायची

आजोबांचं पदक घरात असेल तर आधी त्याची कड उजेडात धरून पाहा. दुसऱ्या महायुद्धाची जी पदकं हिंदी सैनिकांना मिळाली, त्यांच्या कडेवर पुष्कळदा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्याकडच्या पदकाची कड झिजून गुळगुळीत झाली होती. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवली तेव्हा पाच आकडे उमटले. त्याआधी दीड वर्ष मी नुसतं नाव आणि गाव लिहून पत्रं पाठवत होतो आणि प्रत्येक ठिकाणाहून एकच विचारणा येत होती: नंबर काय?

म्हणून अर्ज नंतर, नंबर आधी. हा नंबर त्या त्या रेजिमेंटपुरता असे. तोच आकडा दुसऱ्या रेजिमेंटमध्ये दुसऱ्याच माणसाचा असू शकतो, तेव्हा नंबर आणि पलटण ही जोडी सुटू देऊ नका. पदक नसेल तर डिस्चार्ज बुक, पे-बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मनीऑर्डरच्या पावत्या, कैदेतून रेडक्रॉसमार्फत आलेलं कार्ड, यांपैकी काहीतरी शोधा. आजीला महायुद्धातल्या सैनिकाची विधवा म्हणून अनुदान मिळत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिची फाइल असणार, आणि त्या फाइलमध्ये आजोबांचा नंबर असणार. आजोबा जमादार किंवा सुभेदार झाले असतील तर त्यांच्या नव्या नंबरामागे ‘आय.ओ.’ ही अक्षरं असतात. जुना शिपाई-नंबरही सापडला तर दोन्ही लिहा.

घरातल्या बोलण्यातूनही धागा मिळतो. ‘काळी पंचवीन’ असा शब्द कुणी उच्चारला तर ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, ‘जंगी पलटण’ म्हणजे पहिली. पदकंही बोलतात. आफ्रिका स्टार असेल तर आजोबा उत्तर किंवा पूर्व आफ्रिकेत होते, पॅसिफिक स्टार असेल तर मलाया, सिंगापूर, हाँगकाँगच्या बाजूला, बर्मा स्टार आणि इटली स्टार यांची नावंच पुरेशी आहेत. नुसतं इंडिया सर्व्हिस मेडल आणि वॉर मेडल असेल तर त्यांची बहुतेक सेवा हिंदुस्थानातच झाली असावी.

आता अर्ज कुठे करायचा ते पाहू. साध्या शिपायांची सेवापुस्तकं लंडनला असतात असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांची कागदपत्रं हिंदुस्थानातच राहिली आणि ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्कराचे इंजिनिअर) खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, सिग्नल्सचं (संदेशवहन दल) जबलपूरला, ऑर्डनन्स (शस्त्रं-सामान पुरवणारं दल) आणि ईएमईचं (यंत्रदुरुस्तीचं दल) सिकंदराबादला, वैद्यकीय दलाचं लखनौला. जी रेजिमेंट १९४७ च्या वाटणीत पाकिस्तानकडे गेली तिचे कागदही तिच्याबरोबर गेले.

अर्ज करण्याचा हक्क कुणाला? मुलगा, मुलगी, नातू, नात, पणतू, कुणीही वारस करू शकतो. फक्त नातं कागदावर दिसलं पाहिजे. आजोबांचा मृत्यूचा दाखला, वडिलांचा किंवा आईचा शाळा सोडल्याचा दाखला (त्यात आजोबांचं नाव येतं), तुमचा जन्मदाखला आणि आधार, इतकी साखळी जोडा. मृत्यू जुना असून दाखला मिळत नसेल तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, पाहायला मागा. तिथेही नोंद नसेल तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. नावांत फरक असेल, शाळेत ‘सावंत’ आणि पलटणीत ‘सावत’, तर दोन्ही एकाच माणसाची नावं आहेत हे त्याच प्रतिज्ञापत्रात लिहून टाका. वयातल्या फरकानं दचकू नका. भरतीच्या वेळी सांगितलेलं वय आणि खरं वय यांचा मेळ अनेकांच्या बाबतीत बसत नाही.

पहिलं पत्र साधंच, ‘ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स’ या नावानं, स्पीड पोस्टानं पाठवा. त्यात ‘संपूर्ण माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. मागायच्या गोष्टी नावानिशी मागा: शीट रोलची प्रत, ती नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, बटालियन, बेपत्ता किंवा युद्धकैदी म्हणून झालेली नोंद आणि तिची तारीख, कैदेतून सुटून परतल्याची तारीख, मंजूर झालेली पदकं.

शीट रोल आणि लाँग रोल यांतला फरक नीट समजून घ्या, कारण सगळा शोध इथेच अडतो. शीट रोल म्हणजे त्या एका सैनिकाची स्वतंत्र सेवापत्रिका: भरती, बदल्या, शिक्षा, बढत्या, वारस. ज्यांना पेन्शन नव्हतं त्यांच्या सेवापत्रिका मुदत संपल्यावर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. युद्धासाठी भरती होऊन १९४६ मध्ये घरी पाठवलेले बहुतेक सैनिक बिनपेन्शनीच होते. त्यामुळे ‘कागदपत्रे नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत’ असं उत्तर येईल. ते वाचून पुष्कळ जण थांबतात. थांबू नका. लाँग रोल ही कायम जपायची नोंदवही आहे. त्यात माणसागणिक एखादीच ओळ असते, पण नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरती आणि सेवेतून गेल्याची तारीख त्या ओळीत सापडते. आजोबांच्या नावापुढे त्यांच्या बापाचं नाव एका कारकुनानं ऐंशी वर्षांपूर्वी टाकानं लिहिलेलं पाहिलं तेव्हा मला तो कागद खाली ठेववेना.

दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. हा अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो. फी १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन करता येतो किंवा पोस्टल ऑर्डर जोडून टपालानं. बेळगावला मराठीतून अर्ज पाठवण्याचा मोह आवरा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलं आहे आणि तिथली राजभाषा कानडी. हिंदीत लिहिलेलं बरं. कारण सांगण्याची सक्ती नाही, कलम ६(२). ‘ही त्रयस्थाची वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून नकार आला तर पहिल्या अपिलात कलम ८(३) दाखवा: २० वर्षांपेक्षा जुन्या घटनांची माहिती, काही ठरावीक अपवाद सोडले तर, देणं बंधनकारक आहे. उत्तराची मुदत ३० दिवस, पुढे पहिलं अपील करायला ३० दिवस, दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे ९० दिवसांत.

इथपर्यंत सेवेची नोंद झाली. कैदेची नोंद वेगळ्या ठिकाणी राहते आणि आजोबा कुणाच्या कैदेत होते यावर ती अवलंबून असते.

जर्मनी-इटलीच्या कैदेचा माग चांगला लागतो. १९२९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे कैद्यांची नावं जिनिव्हाला रेडक्रॉसच्या मध्यवर्ती संस्थेकडे जात. २१ जून १९४२ रोजी लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा काळी पंचवीन तिथेच होती. तिचे लोक आधी लिबियातल्या छावण्यांत, मग समुद्रापार इटलीत गेले. आवेझ्झानोची ९१ नंबरची छावणी हिंदी कैद्यांची होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करल्यावर काही जण डोंगरांत निसटले, उरलेल्यांना जर्मनीत नेलं. तिथे आनाबुर्गला हिंदी कैद्यांची छावणी होती. घरी ऐकलेलं एखादं मोडकंतोडकं गावाचं नाव या नावांशी ताडून पाहा.

जपाननं त्या करारावर सही केली होती, पण त्याला अंतिम मान्यता दिली नव्हती. त्यामुळे तिकडून याद्या उशिरा आणि अर्धवट आल्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडल्यावर दोनच दिवसांनी तिथल्या फॅरर पार्क मैदानावर हिंदी सैनिकांना वेगळं काढून जपान्यांच्या हवाली केलं गेलं. काही जण आझाद हिंद सेनेत गेले. जे गेले नाहीत त्यांतल्या अनेकांना न्यू गिनी, न्यू ब्रिटनसारख्या बेटांवर मजुरीला नेलं आणि तिथे उपासमारीनं, आजारानं माणसं गेली. घरात या काळाबद्दल कुणी बोलत नसेल तर यांपैकी कोणतीही गोष्ट त्या गप्प बसण्यामागे असू शकते. कागद येण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठेवा, हे मी कळकळीनं सांगतो.

जिनिव्हाला अर्ज आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या अभिलेखागाराकडे ऑनलाइन करायचा. ते वर्षातून ठरावीक वेळी आणि मर्यादित संख्येनंच अर्ज घेतात, म्हणून खिडकी उघडण्याची तारीख पाहून आधीच तयारी ठेवा. पूर्ण नाव, बापाचं नाव, जन्मवर्ष, नंबर, पलटण, पकडले गेल्याचं ठिकाण आणि महिना, सगळं इंग्रजीत लागतं. नावाची स्पेलिंगं तीन-चार पद्धतींनी द्या. त्या काळी ‘मराठा’ शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ हा ‘आर’च्या आधी येई आणि ‘टी’ दोन असत, जाधवचं ‘जाधाव’ किंवा ‘जाधाओ’ होई. जिल्हा जुना लिहा: रायगड नको, कुलाबा, सिंधुदुर्ग नको, रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान.

आझाद हिंद सेनेत असतील तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार पाहा. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर सूचीत शोध घेता येतो. स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी आजोबांनी कधी अर्ज केला असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्वातंत्र्यसैनिक विभागाकडे माहिती अधिकारात त्या फाइलची प्रत मागा. स्वतःच्या सेवेचा तपशील त्यांनी स्वतःच त्या अर्जात लिहिलेला असेल. युद्धानंतर परत आलेल्यांची, इंग्रजांवरच्या निष्ठेच्या मापानं, पांढरे, करडे, काळे अशी वर्गवारी झाली होती आणि ‘काळ्यां’ना थकलेल्या पगाराविना बडतर्फ केलं गेलं. असा शेरा दिसला तर तो इंग्रज सरकारचा शेरा आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

आजोबा परतलेच नसतील तर सगळ्यांत आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) यादीत शोधा. ते फुकट आहे. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यात धरतात. दहन झालेल्या किंवा देह न मिळालेल्या सैनिकांची नावं स्मारकांवर आहेत: सिंगापूरला क्रांजी, म्यानमारमध्ये रंगून स्मारक, इजिप्तमध्ये अलामेन, इटलीत कासिनो. आडनावानं सापडलं नाही तर पहिल्या नावानं शोधा, मग नुसत्या नंबरानं. नाव सुटलेलं असेल तर सेवेचा आणि मृत्यूचा पुरावा देऊन ते घालून घेण्याचा अर्ज करता येतो.

एक शेवटचा धागा लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. बटालियनच्या युद्ध-दैनंदिन्या तिथे आहेत. मध्यपूर्वेच्या ‘डब्ल्यूओ १६९’ या मालिकेत, इटलीच्या ‘डब्ल्यूओ १७०’ मध्ये, बर्माच्या ‘डब्ल्यूओ १७२’ मध्ये. शिपायाचं नाव त्यांत क्वचितच येतं. पण रेकॉर्ड ऑफिसनं दिलेली बेपत्ता झाल्याची तारीख हातात धरून त्या दिवसाचं पान काढलं की पलटण कुठल्या टेकडीवर होती, पाणी किती उरलं होतं, हुकूम किती वाजता आला, हे समजतं. म्हणून बेळगावचं उत्तर हाती आल्याशिवाय लंडनला पैसे पाठवू नका.