दोन माहेरांची कासवीण

जानेवारी २०२५ संपता संपता गुहागरच्या किनाऱ्यावर एक कासवीण अंडी घालायला आली. त्यात नवल काही नव्हतं. थंडी पडली की ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या कोकणात येतातच. नवल होतं ते तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला चिमटलेल्या धातूच्या पट्टीचं. पट्टीवर आकडा होता ०३२३३. शोध घेतल्यावर कळलं की ही पट्टी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली लावली होती, तीही ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर. म्हणजे एक बाळंतपण बंगालच्या उपसागराकाठी आणि दुसरं अरबी समुद्राकाठी. मधलं अंतर साडेतीन हजार किलोमीटरांच्या घरात.

मी ही बातमी एप्रिलमध्ये वाचली आणि कपाळाला हात लावला. कारण त्याच फेब्रुवारीत आम्ही चौघं कोणार्क एक्सप्रेसमध्ये दीड दिवस बसून ओडिशाला कासवं बघायला गेलो होतो. आम्ही तिच्या गावाला आणि ती आमच्या गावाला!

‘मादी जिथे जन्मते तिथेच अंडी घालायला परतते’ हे वाक्य आपण कासवांबद्दल इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते नियम वाटायला लागतं. हिरव्या कासवांच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. ऑलिव्ह रिडले मात्र या बाबतीत जरा मोकळ्या वृत्तीची दिसते. एका कासविणीवरून सिद्धांत मांडू नये हे खरं, पण पश्चिमेकडून पूर्वेकडे झालेल्या प्रवासाचा पुरावाही हाताशी आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरलाच ‘बागेश्री’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर चिकटवला होता. ती दक्षिणेकडे निघाली, श्रीलंकेला वळसा घालून काही महिन्यांत बंगालच्या उपसागरात पोचली. तोवर आपले अभ्यासक पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असा साधारण हिशेब धरून चालले होते. तो आता पुन्हा मांडावा लागतोय.

कोकणातली गोष्ट आधी सांगतो, कारण ती आपली आहे आणि साधी आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणविसांचं गाव. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ची माणसं या भागात समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी फिरत होती, तेव्हा त्यांना वाळूत कासवाचं उकरलेलं घरटं सापडलं. अंडी माणसांनी नेली होती. मग त्यांनी गावकऱ्यांनाच हाताशी धरलं. पहाटे किनाऱ्यावर फिरायचं, वाळूवर उमटलेला माग ओळखायचा, अंडी काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत न्यायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. आज वेळासला जाऊन राहायचं म्हणजे कुणाच्या तरी पडवीत झोपायचं आणि सकाळी त्यांच्याच ओट्यावर आंबोळ्या खायच्या. पैसा थेट त्या घरात जातो.

हॅचरीतलं काम दिसतं तेवढं सोपं नाही. कासविणीने खणलेला खड्डा मातीच्या घड्यासारखा असतो, तोंड अरुंद आणि पोट फुगीर, जेमतेम दीड फूट खोल. हॅचरीत तो हुबेहूब तसाच खणावा लागतो. शंभर-सव्वाशे अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी आणि हाताला किंचित मऊ. ती हलवायची तर पहिल्या काही तासांतच. नंतर आतला गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं फिरलं की मरतो. कासवमित्र पहाटेच्या अंधारात धावपळ करतात ती यासाठी. मग पन्नास-पंचावन्न दिवस वाट बघायची. दिवस भरत आले की त्या जागेवर टोपली पालथी घालून ठेवतात.

सकाळी टोपली उचलली जाते तेव्हा दोरीपलीकडे उभी असलेली माणसं एकदम गप्प होतात. कधी खाली नुसती वाळू असते. तीनदा वेळासला जाऊन दोनदा मी नुसती वाळूच बघितली आहे. पण तिसऱ्यांदा त्या वाळूला मधोमध खळगा पडला होता आणि खळग्यात राखाडी रंगाची, ओल्या वाळूने माखलेली बावीस पिल्लं एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन चढत होती. त्यांना पाण्यात नाही, पाण्यापासून थोडं लांब सोडतात. चालत जाऊ देतात. एक पिल्लू माणसाच्या पावलाच्या ठशात पडलं आणि त्याला त्यातून बाहेर यायला दोन मिनिटं लागली.

ते पिल्लू नर की मादी हे अंडं घातलं जातं तेव्हा ठरलेलं नसतं, आईच्या पोटातही नाही. ते वाळू ठरवते. उबवणीच्या मधल्या टप्प्यात घरट्याचं तापमान साधारण २९-३० अंशांच्या खाली राहिलं तर जास्त नर, वर गेलं तर जास्त माद्या. पस्तिशीच्या आसपास जाऊन तिथेच राहिलं तर कोणीच नाही, अंडी शिजल्यासारखी खराब होतात. म्हणून हॅचरीवर सावलीची जाळी बांधणं ही हौस नाही. किती मुलगे आणि किती मुली यात आपण नकळत हात घालतो, आणि मला वाटतं याची नोंद आपल्याकडे अजून पुरेशा गांभीर्याने ठेवली जात नाही.

आता ओडिशा. ब्रह्मपूर स्टेशनला उतरलो की ऋषिकुल्या नदीचं मुख तासाभरावर. त्या भागात पुरुणाबंध, गोखरकुडा, पोडमपेटा ही मच्छीमारांची गावं. इथे कासवं एकेकटी येत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये हजारो माद्या आधी किनाऱ्यासमोर पाण्यात जमतात, दिवसेंदिवस नुसत्या थांबून राहतात, आणि मग एका रात्री झुंडीने वर यायला लागतात, त्या पुढच्या काही रात्री येतच राहतात. या प्रकाराला जगभर ‘अरिबाडा’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ आगमन. जगात हे होतं अशा मोठ्या जागा मोजक्याच, मेक्सिको आणि कोस्टारिकातल्या काही आणि आपल्या ओडिशातल्या. गहिरमाथा शास्त्रज्ञांना कळलं १९७४ मध्ये, ऋषिकुल्या तर थेट १९९४ मध्ये. शास्त्रज्ञांना, असं मुद्दाम म्हणतो. गावाला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

२०२५ साली एकट्या ऋषिकुल्येवर जवळपास सात लाख घरटी झाली. सात लाख! वेळासच्या एका हंगामातली घरटी एका वहीच्या काही पानांत मावतात. एखाद्या वर्षी मात्र ऋषिकुल्येला ही झुंड येतच नाही, आणि का आली नाही ते कुणालाच नीट सांगता येत नाही. दक्षिणेचा वारा सुटला की येतात, असं तिथले मच्छीमार सांगतात.

आम्हाला वनखात्याच्या माणसांनी बांबूच्या अडसरामागे उभं केलं. लाल विजेरी फक्त त्यांच्या हातात. सुरुवातीला काहीच दिसेना, नुसता आवाज. धप्‌, धप्‌, धप्‌. अंडी घालून झाली की कासवीण खड्ड्यावर वाळू ओढते आणि मग चाळीस किलोचं अंग डावीकडून उजवीकडे आपटत पोटाच्या कवचाने ती वाळू ठोकून बसवते. जमीन चोपणाऱ्या बाईसारखी. एक कासवीण ठोकत असेल तर गंमत वाटते. काळोखात शेकडो ठोकत असल्या की तळपायातून ऐकू येतं. डोळे अंधाराला सरावले की दिसतं, कासविणीच्या डोळ्यांतून चिकट पाणी गळतंय. वेदनेचे अश्रू म्हणून याची रसभरीत वर्णनं मी वाचली आहेत. प्रत्यक्षात समुद्रात राहून शरीरात साठलेलं जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर पडत असतं, आणि ते पाण्यातही चालूच असतं.

एवढ्या गर्दीने येण्यात फायदा काय? कोल्हे, कुत्री, रानडुकरं, कावळे, घारी यांची पोटं शेवटी पोटंच. किनाऱ्यावर शंभर घरटी असतील तर ते सगळी फस्त करतील. लाखो असतील तर खाऊन खाऊन थकतील आणि तरी बहुतेक उरतील. पण हा सौदा फुकटचा नाही. पाचव्या रात्री आलेली मादी पहिल्या रात्रीच्या मादीची अंडी उकरून बाहेर फेकते. फुटलेली अंडी कुजतात, वाळूत बुरशी आणि जिवाणू माजतात, आणि शेजारची चांगली घरटीही नासतात. म्हणून अशा किनाऱ्यांवर घरट्यामागे बाहेर पडणाऱ्या पिल्लांचं प्रमाण एकट्या घरट्यापेक्षा बऱ्याचदा कमी असतं. वेळासची एकलकोंडी कासवीण आणि ऋषिकुल्येची झुंड, एकाच जातीने एकाच कोड्याला दिलेली ही दोन उत्तरं आहेत. ०३२३३ ने बहुधा दोन्ही आजमावली.

माणसांचा हिशेब मात्र दोन किनाऱ्यांवर अगदी उलटा आहे. कोकणात कासव आलं की घरात पाहुणा येतो, पाहुण्याबरोबर पैसा येतो. ओडिशात कासव आलं की होडी बंद. धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर १ नोव्हेंबर ते ३१ मे, किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. सात महिने. कारण खरं आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेलं कासव श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. पण त्या समुद्रातली मोठी यांत्रिक ट्रॉलरं आणि वल्ह्याने चालणारी लहान होडी, दोघांच्या वाट्याला आलेली बंदी सारखीच जड नसते. सरकारकडून रोख मदत मिळते, तीही सात महिन्यांच्या कमाईच्या जवळपास जात नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. ही पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात मच्छीमाराने केलेल्या कामाचा मोबदला आहे.

आणि तरीही एप्रिलमध्ये पिल्लं निघतात तेव्हा याच गावांतली पोरं बादल्या घेऊन किनाऱ्यावर रात्र काढतात. पिल्लांना समुद्र ओळखता येतो तो उजेडावरून. मोकळ्या रात्री पाण्याकडचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं. पण मागे हमरस्त्याचे आणि वस्तीचे दिवे लागले की पिल्लं उलटी फिरतात. पोरं जाळीची कुंपणं घालतात, अडकलेली पिल्लं उचलून पाण्याकडे नेऊन सोडतात.

आमच्या प्रवासाची दुसरी बाजू होती भितरकनिका, ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातलं कांदळवन. गहिरमाथा त्याच्याच पुढ्यात समुद्रावर आहे, पण तिथे पर्यटकाला जाता येत नाही. त्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावर क्षेपणास्त्रांची चाचणी होते, आणि कासवांच्या हंगामात तिथले दिवेही झाकले जातात. भितरकनिकात मात्र होडीतून सफारी करता येते. चिखलाची खाडी, दोन्ही काठांना हवेत श्वास घेणारी मुळं, आणि चिखलावर ऊन खात पडलेली खाऱ्या पाण्यातली मगर. इथे तिला ‘बौला’ म्हणतात. १९७५ साली तिच्यासाठी डांगमाळला अंडी उबवण्याचं केंद्र सुरू झालं, तेव्हा इथल्या मगरी शंभराच्याही आत उरल्या होत्या. आता गणतीत अठराशेच्या आसपास भरतात. याच मोहिमेचे सल्लागार एच. आर. बस्टर्ड यांनी गहिरमाथ्याची कासवं जगापुढे आणली.

मगरीचं आईपण कासविणीच्या अगदी विरुद्ध. ती पानं, गवत, चिखल यांचा ढीग रचते. ढीग कुजताना तापतो आणि त्या उबेवर अंडी वाढतात. ती जवळच दबा धरून बसते, कुणी आलं तर अंगावर धावते, पिल्लं आतून ओरडायला लागली की ढीग उकरून त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. नर-मादीचा निवाडा मात्र इथेही तापमानच करतं, फक्त गणित वेगळं. सुमारे ३१-३२ अंशांवर बहुतेक नर, त्याहून थंड किंवा त्याहून गरम झालं तर माद्या. म्हणजे वाळू तापली तर कासवांत माद्या वाढतात, आणि ढीग फारच तापला तर मगरींतही. पृथ्वी फारच गरम झाली तर या दोन्ही घरांतले मुलगे कमी होतील!

समुद्राने इथे माणसांनाही हलवलं आहे. सातभाया म्हणून गावांचा एक गट होता. समुद्र एकेक गाव गिळत आला आणि २०१८ मध्ये उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना बागपाटियाला नेऊन वसवलं. त्यांची पंचुबाराही देवीही गेली. तिच्या पुजारी फक्त मच्छीमार समाजातल्या बायका असतात. कासवांचा गहिरमाथाही त्याच लाटांनी झिजत चालला आहे. वाळू कमी पडते म्हणजे एकमेकींची अंडी उकरणं आणखी वाढतं.

शेवटच्या सकाळी होडी गावाजवळून जात होती. नदीच्या घाटापुढे पाण्यात लोखंडी जाळीचं कुंपण होतं, खोलीएवढं. मगरींनी माणसं नेल्यावर वनखात्याने अशी कुंपणं घातली आहेत. आत एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून भांडी घासत होती. आमच्या होडीतल्या सगळ्यांचे कॅमेरे दुसऱ्या काठाकडे वळलेले होते, कारण तिकडे एक पंधरा फुटी बौला तोंड उघडून पडली होती. बाईने एकदा आमच्याकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि कढई खळबळून पालथी ठेवली.